रात्री नऊला अडकणारं नेट आणि तासाभरात ‘सोडवली’ म्हणून बंद होणारी तक्रार

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला घरी १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले. दिवसभर ठीक चालतं, रात्री साडेआठ-नऊनंतर व्हिडिओ गोल फिरत राहतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो. शिवाय मधूनच नेट पूर्ण जातं आणि काही मिनिटांनी आपोआप येतं. तक्रार केली की लाइनमन येतो, डबा बंद करून पुन्हा चालू करतो, आणि तासाभरात ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज पडतो. नेट देणाऱ्या केबलवाल्याकडेच टीव्हीही आहे, त्याचं बिल वाढत चाललंय आणि तो म्हणतो, ‘साहेब, आमच्या हातात काही नाही.’ ट्रायकडे जाऊ, ग्राहक मंचात जाऊ, की सरळ कनेक्शन तोडू?

कनेक्शन तोडायचं की नाही ते आठवडाभराने ठरवा. ट्रायचं म्हणाल, तर ती दूरसंचार आणि टीव्ही सेवांचे नियम करणारी संस्था आहे, एकेका ग्राहकाची तक्रार ती सोडवत नाही. तिथे पाठवलेली ईमेल फार तर कंपनीकडे पुढे जाते. ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, मार्ग खुला आहे, पण तिथे जाण्याआधी हातात काहीतरी लागतं आणि आत्ता तुमच्या हातात फक्त संताप आहे. संताप रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही.

मी केबलच्या काळापासून या धंद्यात आहे. गच्चीवरची डिश आणि काळी कोॲक्स वायर ओढण्यापासून सुरुवात केली, मग फायबर आलं, आता एका लहान इंटरनेट कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. तक्रार आल्यावर आत काय घडतं ते मी रोज बघतो. ग्राहक ज्याच्यावर ओरडतो त्याच्याकडे दोष दुरुस्त करायचं साधन नसतं, आणि ज्याच्याकडे साधन असतं त्याच्यापर्यंत ‘नेट स्लो आहे’ एवढे तीनच शब्द पोचतात. त्या तीन शब्दांवर कोणीही काही करू शकत नाही. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखून, आकडे लावून, लेखी दिलेली तक्रार मात्र गुंडाळणं अवघड जातं. त्यामुळे आधी तो टप्पा ओळखायला शिका.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगवेगळे दोष दिसतात. रात्री नेट मंदावतं हा एक. मधूनच पूर्ण जाऊन परत येतं हा दुसरा. दोन्हींची ठिकाणं वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते एकाच तक्रारीत कोंबल्यामुळे लाइनमनचं फावतं.

वायरचा रस्ता असा आहे. कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टमधून एक फायबर निघतं, पोलवरच्या किंवा गल्लीतल्या बॉक्समध्ये स्प्लिटर लावून त्याच्या फांद्या केल्या जातात, आणि शेवटची फांदी तुमच्या घरातल्या ओएनटीला, म्हणजे ज्याला सगळे डबा म्हणतात त्याला येऊन लागते. या पद्धतीला जीपॉन म्हणतात. तीत एका पोर्टवर तुमच्याकडे येणारा वेग सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, आणि तुमच्याकडून जाणारा सव्वा गिगाबिट असतो. तो बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांनी एकाच क्षणी १०० एमबीपीएस ओढले तर ६.४ गिगाबिट लागतील, म्हणजे कागदावर हिशेब जुळतच नाही. प्रत्यक्षात तशी वेळ येत नाही, कारण एका एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात. गल्लीतलं फायबर तुंबलेलं मी क्वचितच बघितलंय.

तुंबतं ते पुढे. कंपनी स्वतः मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ विकत घेते, त्याला आम्ही बॅकहॉल म्हणतो. समजा १० गिगाबिट घेतलेलं आहे. ग्राहक वाढत जातात, विक्रीवाले नवे प्लॅन विकत राहतात, आणि बॅकहॉल वाढवायचा म्हटलं की मालक म्हणतो पुढच्या तिमाहीत बघू. दुपारी ही लिंक निम्मीही भरत नाही. रात्री जेवणं आटोपली, मुलं-माणसं आपापला फोन घेऊन बसली, मॅच चालू झाली, की ती काठोकाठ भरते. जागा उरली नाही की यंत्र पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देतं. डाउनलोड हळू झालं तर कळतही नाही, पण मीटिंगमध्ये टाकून दिलेलं पॅकेट म्हणजे समोरच्याचा गिळलेला शब्द. ‘दिवसा ठीक, रात्री वाईट’ हे लक्षण जवळपास नेहमी याच ठिकाणी बोट दाखवतं. लाइनमनने तुमचा डबा दहा वेळा रीस्टार्ट केला तरी यात काडीचाही फरक पडणार नाही.

याबद्दल नियम आहे, हे फार थोड्या ग्राहकांना माहीत असतं. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे जे नियम केले, त्यातच गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे असं म्हटलेलं होतं. त्या जागी ट्रायने २०२४ मध्ये नवे नियम आणले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, आणि ८० टक्क्यांची ही मर्यादा त्यांतही आहे. तक्रारीत ‘गर्दीच्या वेळेतला लिंक वापर’ हे शब्द आले की वाचणाऱ्याला समजतं, समोरच्याला विषय कळतो.

आता हे सिद्ध कसं करायचं? स्पीड टेस्टवर आंधळा विश्वास ठेवू नका. टेस्टचं ॲप जवळात जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बरेचदा तुमच्याच कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये किंवा शहरातच असतो. तुंबलेली लिंक त्या रस्त्यात येतच नाही, त्यामुळे रात्री नऊलाही ९५ दिसतात आणि कस्टमर केअरवाला म्हणतो, ‘सर, स्पीड तर बरोबर येतोय.’ ॲपमध्ये सर्व्हर बदलता येतो. मुंबईचा, दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर निवडून तीच टेस्ट करा. आणखी एक गुंता आहे. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला साठा इंटरनेट कंपन्यांच्या जागेतच सर्व्हर लावून ठेवतात, त्यामुळे यूट्यूब व्यवस्थित चालतं आणि घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन मात्र रडतं, असंही होतं. म्हणून नेमकं काय अडकतंय ते लिहून ठेवा.

टेस्ट लॅपटॉपला लॅन केबल लावूनच करा, वायफाय बंद ठेवून. सकाळी सात आणि रात्री नऊ, चार-पाच दिवस, दोन्ही सर्व्हरवर, आणि प्रत्येक वेळी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. याबरोबर दोन पिंग चालू ठेवा (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं), एक घरातल्या राउटरच्या पत्त्यावर, जो बहुतेक डब्यांत १९२.१६८.१.१ असतो आणि डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला सापडतो, आणि दुसरा बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. राउटरचा पिंग एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचा रात्री वीसवरून दोनशेवर जातोय, मध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ पडतंय, तर दोष घराबाहेर आहे. याचा स्क्रीनशॉट म्हणजे तुमचा मुख्य पुरावा. हे जमत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या कॉलेजमधल्या मुलाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

लॅनवर सगळं ठीक आणि फक्त मोबाइलवर रडारड असेल, तर कंपनीशी भांडण्यात आठवडे घालवू नका. आमच्याकडे ‘स्लो’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत वायफायच्या तक्रारींचा वाटा फार मोठा असतो. कंपनी फुकट देते तो डबा पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असतो. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका इमारतीत वीस-पंचवीस राउटर त्याच तीन चॅनेलवर बोलत असतात. त्यातून डबा बुटांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला असतो. ५ गिगाहर्ट्झ देणारा ड्युअल बँड राउटर मागा, नाहीतर विकत घ्या आणि घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. एक गोष्ट विक्रीवाला सांगत नाही: डब्याचे लॅन पोर्ट जुन्या धाटणीचे, १०० एमबीपीएसचेच असतील तर २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊनही केबलवर ९४-९५ च्या वर आकडा जाणार नाही. प्लॅन वाढवण्याआधी हे विचारा. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल उतरणं नव्हे, साडेबारा एमबी. या गैरसमजातूनही बरीच भांडणं होतात.

आता तुमचा दुसरा दोष, नेट पूर्ण जातं तो. त्या वेळी उठून डब्याकडे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लागला किंवा लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाश पोचत नाही. ‘पॉन’ हिरवा स्थिर आणि तरीही नेट नाही, तर फायबर ठीक आहे, दोष पुढे आहे. फोनने त्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा.

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडच्या बाजूला एका घरी गेलो होतो. तिथल्या काकू शिकवण्या ऑनलाइन घेतात. दुपारी नेट जायचं, रात्री यायचं. आधी येऊन गेलेल्या लाइनमन मुलांनी डबा बदलला, ॲडॉप्टर बदलला, तक्रार बंद केली, पुन्हा तीच तक्रार. मी फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला तेव्हा रीडिंग उणे २८ च्या आसपास होतं. घरात साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) यायला पाहिजे, उणे २७ च्या खाली गेलं की डबा केव्हाही हात वर करतो. मग वायर हाताने चाचपत मागे गेलो. बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या रुळातून ती आत घेतलेली होती. दुपारी ऊन येतं म्हणून काकू खिडकी बंद करायच्या, काच वायरवर दाबून बसायची आणि प्रकाश खूप कमी व्हायचा. संध्याकाळी वाऱ्यासाठी खिडकी उघडली की नेट परत. तेवढा तुकडा कापला, भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली, नवा कनेक्टर मारला, रीडिंग उणे २१ वर आलं. काकूंच्या घरी आलेले ते लाइनमन कामचुकार होते असं मला वाटत नाही. त्यांच्यापैकी एकाकडेही पॉवर मीटर नव्हता. कंपनीने दिला नव्हता.

म्हणून लाइनमन आला की त्याच्याशी भांडू नका, त्याला पाणी द्या आणि एकच विचारा: ‘दादा, पॉवर किती येतेय?’ त्याच्याकडे मीटर असेल तर आकड्याचा फोटो घ्या. नसेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश, दिसतं, ते दाखवायला सांगा. घरातली वायर कुठे काटकोनात वळलीय, कपाटाखाली चेपलीय, खिळा मारून घट्ट आवळलीय का ते दोघं मिळून बघा. कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा आणि निळा यांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात. हिरव्या तोंडाला निळा कनेक्टर बसतो, म्हणून घाईत लावून टाकतात, आणि तिथे प्रकाश वाया जातो. आणि वायर घराबाहेर ठीक नसेल, पोलवरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं असेल, तर ते काम त्याच्या एकट्याचं नाही. त्याला शिडी, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन आणि दुसरा माणूस लागतो. त्याने तसं वर कळवलंय का, एवढं विचारून घ्या.

तक्रार तासाभरात बंद का होते, हे आता सांगतो. तुम्हाला प्लॅन विकणारं नाव एकाचं असतं, गल्लीत वायर ओढून देणारा स्थानिक केबलवाला किंवा फ्रँचायझी दुसरा असतो, कॉल घेणारं केंद्र तिसऱ्याच शहरात असतं. कंपनी फ्रँचायझीला बजावते की तक्रार अमुक तासांत बंद झाली पाहिजे, नाहीतर महिन्याच्या हिश्शातून कापून घेऊ. दोष बॅकहॉलचा असला तरी ही कापाकापी फ्रँचायझीचीच होते. मग तो पोराला सांगतो, जा, रीस्टार्ट कर आणि बंद करून ये. कितीतरी पोरांना पगार प्रत्येक तक्रारीमागे मिळतो, पेट्रोल स्वतःचं. या व्यवस्थेत दोष शोधण्यापेक्षा तक्रार मिटवण्याला पैसे मिळतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण चांगलं काम शिकलेली मुलं यात फुकट जातात आणि ग्राहक त्यांनाच चोर समजतो.

तुमच्या हातात इथे एक किल्ली आहे. बऱ्याच कंपन्यांत तक्रार बंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. लाइनमन दारातच म्हणतो, ‘ओटीपी सांगा, काम होऊन जाईल.’ काम होऊन, तुम्ही स्वतः केबल लावून तपासल्याशिवाय तो सांगू नका. रात्रीच्या दोषासाठी तर सरळ म्हणा, ‘रात्री नऊला तपासून मग देतो.’ आणि ओटीपी न विचारता बंद केली, तर त्याच तक्रारीच्या नंबरचा हवाला देऊन पुन्हा नोंदवा.

फोनवर तक्रार जरूर करा, पण तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नंबर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याच दिवशी ईमेलही करा. मी ग्राहकांना साधारण असा मजकूर सुचवतो:

‘ग्राहक क्रमांक अमुक, प्लॅन १०० एमबीपीएस. दिनांक अमुक ते अमुक, रोज रात्री ८.३० ते ११ या वेळेत लॅन केबलवर मोजलेला वेग ८ ते १५ एमबीपीएस, सकाळी ७ वाजता ९४. घरातल्या राउटरचा पिंग स्थिर, बाहेरच्या पिंगमध्ये पॅकेट गळती. स्क्रीनशॉट सोबत. ओएनटीची आरएक्स पॉवर उणे २१, म्हणजे घरापर्यंतचं फायबर ठीक. त्यामुळे राउटर रीस्टार्ट करून हा दोष जाणार नाही. गर्दीच्या वेळेतला लिंक वापर तपासून लेखी कळवावं. आधीचे तक्रार नंबर अमुक, अमुक. त्या दोन्ही तक्रारी दोष न जाताच बंद केल्या आहेत. सेवा नीट न मिळालेल्या दिवसांची वजावट द्यावी.’

यात शिवी नाही, ‘फसवणूक’ नाही, ‘सोशल मीडियावर टाकीन’ नाही. आकडे तुमचेच भरा, माझे नकोत. असा मजकूर आला की पहिल्या पायरीवरच्या मुलाला तो बंद करायची भीती वाटते आणि तो माझ्यासारख्या माणसाकडे ढकलतो. तुम्हाला तेच हवं आहे. नेट जाण्याच्या दोषाची तक्रार मात्र वेगळी, वेगळ्या नंबरने करा, दिव्यांच्या फोटोसह.

इथे काम झालं नाही तर अपील. दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्रायचे २०१२ चे नियम आहेत. पहिली पायरी तक्रार केंद्र, दुसरी पायरी कंपनीतलंच अपील प्राधिकरण. तक्रारीवर समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाली काढायचं. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, मुद्दाम तळाशी दडवलेला. अपिलालाही दाद मिळाली नाही तर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरून तिथे जाता येतं. हा टप्पा लोक वगळतात, पण दूरसंचार विभाग कंपन्यांना परवाना देणारा आहे, आणि तिथून आलेल्या पत्राला आमच्या कंपनीतही मालक स्वतः उत्तर लिहायला बसतो. समांतरपणे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ठेवा.

ग्राहक आयोगाबद्दल एक जुना समज अजून फिरतो की टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी तिथे चालत नाहीत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेऊन तसं म्हटलं होतं, ते खरं. पण १६ फेब्रुवारी २०२२ ला एका मोबाइल कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की दूरसंचार सेवेचा ग्राहक ग्राहक आयोगात जाऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. वर्षाची आगाऊ रक्कम अडकली असेल तर हा मार्ग खरोखर वापरा. वेळ लागतो, हेही सांगतो. पण तिथली नोटीस पोचल्यावर पैसे परत करून मिटवायला येणाऱ्या कंपन्या मी बघितल्या आहेत.

आगाऊ पैशांचं बोलायचं तर, पुढच्या वेळी वर्षाचा प्लॅन घेऊ नका. दोन महिने मोफत मिळतात म्हणून घेतात, आणि पहिल्या दिवशीच आपला दबाव संपतो. महिन्याचा किंवा फार तर तीन महिन्यांचा घ्या. जाहिरातीत ४९९ असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे द्यायचे असतात. ‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते, अनेक घरगुती प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास आहे. साध्या घराला ती लागत नाही, पण मर्यादेनंतर वेग कितीवर येतो ते विचारून ठेवा. घरी कॅमेरे लावले असतील आणि बाहेरून दिसत नसतील, तर तो बिघाड नसतो. कंपनी बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देते, त्याचा तो परिणाम. त्यासाठी स्थिर आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, नाहीतर क्लाउडवर चालणारे कॅमेरे घ्यावे लागतात.

टीव्हीकडे वळू. केबलवाला ‘हातात नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक खरंच बोलत असतो. टीव्हीच्या दरांबद्दलच्या ट्रायच्या २०१७ च्या टॅरिफ आदेशाची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१९ पासून झाली. तेव्हापासून पे चॅनेलचा भाव चॅनेलवाली कंपनी ठरवते. त्या वेळी नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क, पहिल्या १०० चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढे त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल आली आणि त्याहून जास्त चॅनेलसाठी १६० ची मर्यादा ठरली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली, आता हे शुल्क सेवा देणारा ठरवतो. दुसरीकडे, पॅकमध्ये घालायच्या चॅनेलच्या भावाची कमाल मर्यादा मध्यंतरी १२ रुपये केली होती, ती २०२२ च्या अखेरीस पुन्हा १९ वर गेली. बिल वाढण्याची ही कारणं आहेत.

पण एक गोष्ट केबलवाल्याच्या हातात नक्की आहे. शुल्क, चॅनेल आणि कर अशा वेगळ्या ओळी असलेलं बिल देणं. ते मागा. ‘महिन्याचे साडेचारशे’ असं तोंडी चालवून घेऊ नका. मग यादी घेऊन घरच्यांसोबत बसा आणि खरोखर कोणती चॅनेल बघितली जातात त्यांवर खुणा करा. मराठी मनोरंजनाची चार-पाच, बातम्यांची दोन-तीन, एखादं खेळाचं, एवढ्यावर बहुतेक घरं थांबतात. ही चॅनेल सुटी घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, पॅकच घ्यावा लागतो असं कोणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. दोन्ही हिशेब मांडून बघा, कधी छोटा पॅकही स्वस्त पडतो. गावाकडच्या आई-वडिलांना फक्त बातम्या, सिनेमे आणि सह्याद्री लागत असेल, तर डीडी फ्री डिशला महिन्याचं शुल्कच नाही. एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च केला की झालं.

आता कनेक्शन बदलायचं ठरलंच तर. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी ब्रॉडबँडला नाही, त्यामुळे जुनं तोडण्याआधी नवं जोडून दोन्ही आठ-पंधरा दिवस चालवा. नव्या कंपनीचा वेग तुमच्याच इमारतीत, रात्री नऊला, कोणाच्या तरी घरी जाऊन बघा. तिची वायर कोणत्या पोलवरून येते तेही बघा. दोघांच्या वायरी एकाच पोलवरून येत असतील तर गणपतीत उंच मूर्तीसाठी वायर उचलताना किंवा महापालिकेच्या मोहिमेत लोंबत्या वायरी कापताना दोन्ही एकदम जातील. तुमच्या सोसायटीने एकाच कंपनीला आत येऊ दिलं असेल, तर तो प्रश्न कस्टमर केअरचा नाही, वार्षिक सभेचा आहे. तिथे विषय लेखी द्या. दुसरी कंपनी इमारतीत आली की पहिलीच्या तक्रारी लवकर सुटायला लागतात, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. शेजाऱ्यांनाही विचारून घ्या. एकाच स्प्लिटरवरच्या चार घरांनी त्याच रात्रीचे, त्याच वेळेचे आकडे पाठवले की आमच्यासारख्यांना मालकाकडे बॅकहॉलचा विषय रेटायला बळ मिळतं.

जुनं कनेक्शन बंद करताना ईमेलवर लेखी कळवा, अनामत रक्कम आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे त्याच पत्रात मागा, बँक खात्याचा तपशील द्या. डबा कंपनीचा असेल तर तो नेणाऱ्या माणसाकडून तारीख, सही आणि डब्याचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, आणि ॲडॉप्टरसकट डब्याचा फोटो काढून मगच हातात द्या. पोच नसेल तर पुढे कधीतरी वसुलीवाल्याचा फोन येतो की उपकरण परत आलेलं नाही, दोन हजार भरा.